टेकडीच्या दीडपट

"चालेल," डॉक्टरबाई म्हणाली. "तुमचा आकडा मला मान्य आहे."

दादाच्या हातातला कप बशीत नीट बसेना. त्याने तो ठेवला, परत उचलला आणि रिकामा आहे हे विसरून पुन्हा तोंडाला लावला.

"कुठला आकडा?" त्याने विचारलं.

"तुम्हीच सांगितलेला. टेकडीवरचं ते कोपऱ्यातलं, दगडी सज्जाचं घर गेलं त्याच्या दीडपट."

"त्यात तुमचं काही कमीजास्त?" दादाने आशेने विचारलं. घासाघीस झाली असती तर शब्दाने शब्द वाढला असता, आणि शब्द वाढवण्यात दादाचा हात धरणारा अख्ख्या नदीकाठावर कोणी नव्हता. व्यवहार मोडायला तेवढं पुरलं असतं.

"छे. किंमत वाजवी आहे," डॉक्टरबाई म्हणाली. दातांची डॉक्टर ती, त्यामुळे हसताना तिला कसलीच भीती नव्हती.

वाजवी! दादाने समोर बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. ताईने टेबलावर नसलेला डाग बोटाने पुसायला घेतला. धाकटा छोटू खिडकीतून नदी बघू लागला. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल घेऊन बसलेल्या आत्याने डोळे मिटून घेतले.

आता हा आकडा आला कुठून, ते सांगायलाच हवं. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी आत्या सहज म्हणाली होती, "घर विकून टाका रे. मी एकटी काय करू एवढ्या तीन मजल्यांचं?" झालं. त्याच आठवड्यात ताईच्या लेकीचं परदेशी शिकायला जायचं ठरलं होतं, आणि खर्चाचं बोलणं आत्याच्या कानावर गेलं होतं. तिघं दादाच्या फ्रेमच्या दुकानात जमले, काचांच्या आणि पट्ट्यांच्या पसाऱ्यात उभ्याउभ्या बोलले आणि एकमताने निकाल लावला, की आत्या पुन्हा त्याग करतेय. आईबाप अपघातात गेले तेव्हा जिने स्वतःचं सगळं बाजूला ठेवून या तिघांना वाढवलं, ती आता डोक्यावरचं छप्परही द्यायला निघालीय.

पण आत्याला "नाही" म्हणायची या घराला सवय नव्हती. मग ताईनेच तोडगा काढला. जुन्या घरांच्या किमती ठरवणं हाच तिचा धंदा. "विकायला काढू," ती म्हणाली. "पण असा आकडा सांगू, की कोणी दारात उभं राहणार नाही." टेकडीच्या दीडपट हा आकडा मात्र दादाचा. त्यात त्याने एका दगडात दोन पक्षी मारले. आत्याचं घर राहिलं आणि टेकडीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मिरच्या जरा जास्तच झोंबल्या. काठ आणि टेकडी यांचं वैर जुनं. टेकडीवाले म्हणणार, काठावर ओल आणि डास. काठवाले म्हणणार, टेकडीवर वारा आणि आढ्यता. काठावरच्या एका घराला दीडपट मागतात म्हटल्यावर टेकडीने आपले भाव चढवले. ते पाहून आत्याच्या गल्लीतल्या उरलेल्या घरांनीही चढवले. आपण काय मेलोय का, म्हणून टेकडीने परत चढवले. असं करत करत वर्षभरात दादाने रागाच्या भरात फेकलेला आकडा चक्क शहाण्यासारखा दिसू लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"तुम्ही टेकडीवरच्या ना?" दादाने शेवटचा प्रयत्न केला. "तिकडचं सोडून इकडे? लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"माझे पेशंट दुवा देतील," डॉक्टरबाई म्हणाली. "चढ चढून येतात बिचारे. खुर्चीत बसवलं की तोंड उघडा म्हणून सांगावंच लागत नाही, दम लागून उघडंच असतं."

छोटू फसकन हसला आणि दादाने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने पुन्हा नदीकडे तोंड फिरवलं.

"आधी घर पूर्ण बघून घ्या," ताई उठली. "मागच्या वेळी तुम्ही वरवर बघितलंत. मी दाखवते. सगळं दाखवते."

त्या "सगळं"वर तिने जो जोर दिला तो दादाला कळला आणि त्याच्या जिवात जीव आला.

ताईने खरोखरच सगळं दाखवलं. विकणाऱ्याने काय लपवायचं असतं हे तिला धंद्यामुळे तोंडपाठ होतं. तेच ती एकेक करून उघडं करत गेली. तळघरात तिने डॉक्टरबाईचा हात भिंतीला लावला. "नदी चढली की इथे पाणी पाझरतं. रंगाने झाकतं, जात नाही." जिन्यावर म्हणाली, "हा इतका अरुंद आहे की कपाट वर न्यायचं तर पुढची खिडकी काढून दोराने चढवावं लागतं." मधल्या मजल्यावर तिने शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीवरचं चित्र उतरवलं. मागे भिंतीला पोट आलेलं. "ओळीतली घरं अशीच असतात. हे शेजारच्यावर रेललंय, शेजारचं पुढच्यावर. एकाने दुरुस्ती काढली की सगळ्या ओळीला विचारावं लागतं. आणि शेजारी ट्रम्पेट वाजवतात. अजून शिकतायत. गेली कित्येक वर्षं शिकतायत."

डॉक्टरबाई भिंतीच्या पोटावर हात ठेवून उभी राहिली. वर छताच्या मधोमध चुन्याचं मोठं फूल होतं, आणि त्याची एक पाकळी बाकीच्यांहून जरा जाड होती.

"ती बघितलीत?" ताई म्हणाली. "चुन्याची नाही. लाकडाची आहे, रंगवलेली. खरी पडली."

"कशी?"

ताई बोलायची थांबली. पाकळी पडली ती छोटूने चेंडू मारला म्हणून. त्या दिवशी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रात्रपाळी करून आली होती, तिथले ते हेडफोन डोक्यावर घालून घालून तिच्या केसांत कायमची खोबण पडली होती, आणि दारातच तिला पांढऱ्याफटक चेहऱ्यांची तीन पोरं दिसली. तिघंही एकदम बोलू लागली. आत्या एका वेळी तीन लाइनी ऐकायला शिकलेली बाई. तिने तिघांचं ऐकून घेतलं, तिघांनाही वेगवेगळं उत्तर दिलं आणि मग विचारलं, "लागलं नाही ना कोणाला?" बस. फुलाबद्दल एक अवाक्षर नाही. कोपऱ्यावरच्या सुताराकडून ही पाकळी करून आणली, स्वतः शिडीवर चढून बसवली आणि खाली उतरून म्हणाली, "ओळखा बघू कुठली." तिघांना ओळखू येत होती. तिघांनीही नाही म्हणून सांगितलं होतं.

एवढं सगळं परक्या बाईला काय सांगणार? आपल्याला दुसरी आई मिळाली, आणि ती मिळाली म्हणून आपण माणसात राहिलो. हे घर गेलं तर त्या बाईला आपण काय दिलं? काहीच नाही. मनात आलं, पडो ही भिंत आत्ताच्या आत्ता, म्हणजे तरी ही बाई घाबरून पळेल.

"मुलं घरात खेळली की होतं असं," ती एवढंच म्हणाली.

"ताई," डॉक्टरबाई हळूच म्हणाली, "मी टेकडीवर किती घरं बघितली म्हणून सांगू. प्रत्येक ठिकाणी कोरा रंग, प्रत्येक ठिकाणी 'ओल? छे हो, कसली ओल?' घर विकणाऱ्याने आपणहून भिंतीवरचं चित्र उतरवलेलं मी जन्मात बघितलं नाही. इतक्या सरळ माणसांचं घर मिळतंय, माझं भाग्यच म्हणायचं. मी आजच पक्कं करते."

ताईने डोळे मिटले. बुडत्याचा पाय खोलात.

खाली आत्या खुर्चीत बसून छताकडे कान लावून होती. बायकांची पावलं वरच्या मजल्यावर गेली, खाली आली, पुन्हा गेली. काय बोलतायत ते कळत नव्हतं, पण आवाज भांडणाचा नव्हता, आणि आत्याला तेवढंच हवं होतं.

होऊ दे. हो म्हणू दे तिला. बाकी मला काही नको.

शालीखाली तिच्या हातात फोन होता. सकाळपासून तिच्या मैत्रिणीचे, बाराचे, चार निरोप येऊन पडले होते. "आली का?" "काय म्हणतेय?" "अगं बोल की." आणि शेवटचा नुसता, "अकरा?"

टेकडीवरच्या एक्स्चेंजमध्ये दोघी शेजारी बसायच्या, अकरा नंबरच्या आणि बारा नंबरच्या बोर्डावर. नावं असतील त्यांना, पण एकमेकींच्या लेखी त्या अकरा आणि बाराच. दोघींनी टेकडीवर दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. पडदे कुठल्या रंगाचे यावरून भांडूनही झालं होतं. आणि मग अपघाताचा फोन आला, तो नेमका अकराच्याच बोर्डावर. "थोडे दिवस खाली राहून येते, पोरांची काहीतरी सोय लागेपर्यंत," असं सांगून अकरा टेकडी उतरली, आणि ती सोय म्हणजे आपणच हे तिला पहिल्याच रात्री कळलं, धाकटा तिची वेणी मुठीत धरून झोपला तेव्हा.

तिला त्याचं कधी दुःख वाटलं नाही. आजही वाटत नव्हतं. पोरांनी तिला भरभरून दिलं. इतकं, की आता जरा थांबा म्हणायची वेळ आली होती. दादा सोमवारी येणार, ताई मंगळवारी, छोटू हॉस्पिटलमधून थेट, सून तर रोजच. आत्याला एकटं वाटू नये म्हणून तिला एकही संध्याकाळ मोकळी मिळत नव्हती. पूर्वी ती चालत पुलापर्यंत जाई, बारा वरून उतरे, आणि मधल्या बाकावर दोघी तास न् तास बसत. मग गुडघे गेले आणि पुलावरच्या गप्पा फोनवर आल्या. आता बाराला दिसतही कमी होतं. तिच्या शेजारचा तळमजल्याचा फ्लॅट रिकामा होता. मालकाने बाराकडे बघून वर्षभर थांबवून धरला होता, पण महिनाअखेर तो दुसऱ्याला देणार होता. घर विकल्याशिवाय तो घेणं आत्याच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं.

"घर विकून टाका," ती म्हणाली होती. तिच्या मते ते मागणं होतं. जन्मात कधी काही मागितलं नाही, त्यामुळे मागतात कसं हेच तिला माहीत नव्हतं. पोरं घर विकायला काढतील, गिऱ्हाईक येईल, मग ओघात सांगू, असा तिचा हिशोब. वर्ष गेलं, गिऱ्हाईक आलं नाही. "भाव जरा जास्त आहे का ग?" असं तिने एकदा ताईला विचारलंही होतं. "तू काळजी करू नकोस," ताईने तिचा हात थोपटला होता. आता एवढ्या प्रेमाने हात थोपटल्यावर माणूस पुढे काय बोलणार?

स्वयंपाकघरात दादाची बायको कपबश्या विसळत होती. तिच्याभोवती तिघांनी कोंडाळं केलं.

"झालं?" दादाने विचारलं. "पळाली?"

"उलट," ताई म्हणाली. "ती म्हणते इतक्या सरळ माणसांचं घर आणखी कुठे मिळणार."

"तू ओल दाखवलीस?"

"हात लावून."

"ट्रम्पेट?"

"तिला संगीत आवडतं."

दादाने कपाळाला हात लावला. "मग आता सरळच सांगू. विकायचं नाही. नाक कापलं जाईल, जाऊ दे. गल्ली हसेल, टेकडी हसेल. म्हणतील, आकडा लावायला पुढे आणि विकायला मागे. हसू देत. आत्याला बेघर करून आलेला पैसा मला पचायचा नाही."

"मलाही नाही," ताई म्हणाली.

छोटू म्हणाला, "तिला माझ्याकडे नेलं तर?" तो बोलला की सगळे वळून बघत, इतका तो कमी बोले. भूल देणारा डॉक्टर तो. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या श्वासाकडे लक्ष ठेवत गप्प बसायची सवय त्याच्या घरीही आली होती.

"तुझ्याकडे का? माझ्याकडे नेईन," ताई म्हणाली.

"थोरला मी आहे," दादाने आवाज चढवला. "न्यायचीच वेळ आली तर माझ्याकडे येईल. पण तिला न्यायचं कशाला? ती इथेच राहील. या घरात, या काठावर."

"वाटणी चाललीय वाटतं आत्यांची," वहिनी पाठमोरीच म्हणाली.

वहिनी टेकडीची लेक. लग्न करून काठावर आली तेव्हा दादाच्या मित्रांनी शत्रूची पोरगी आणली म्हणून त्याला महिनाभर छळलं होतं. घरच्या भांडणात ती सहसा पडत नसे, पण पडली की निकाल लागे.

"आत्यांना कोणी विचारलंय?" तिने हात पुसत विचारलं.

"तिला काय विचारायचं?" दादा म्हणाला. "ती हो म्हणणार."

"मग?"

"मग काय मग? ती आपल्यासाठी हो म्हणणार!"

"आणि स्वतःसाठी म्हणत असतील तर?"

"स्वतःसाठी? आत्या?" दादाने असं विचारलं की जणू नदीने आज वरच्या दिशेला वाहायचं ठरवलंय. मग त्याला बायकोची दया आली. "तुला ती पुरती कळलीच नाही बघ. अगं, तिने उभ्या जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नाही."

"तेच म्हणतेय मी," वहिनी म्हणाली. "सकाळपासून बघतेय त्यांच्याकडे. बाई आकड्याला हो म्हणाली तेव्हा तुम्ही तिघांनी माना टाकल्या. आत्यांनी डोळे मिटले. घर जाणार म्हणून दुःख झालेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. गाडी चुकता चुकता मिळाली की आपण असे डोळे मिटतो."

ताईला ते बोलणं लागलं. आपल्या नवऱ्याचं बोलणं खोडून काढावं तसं तिने ते आधी मनातल्या मनात खोडून पाहिलं, पण ते खोडलं जाईना. दादा मात्र ऐकण्यापलीकडे गेला होता. तो बाहेर गेलासुद्धा.

"डॉक्टरबाई," त्याने उभ्यानेच सांगून टाकलं, "माफ करा. घर विकायचं नाहीये. तुमचा वेळ घेतला. चूक आमची आहे."

डॉक्टरबाईचा चेहरा उतरला. ती भांडली असती तर दादाला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"नाही हो. तुम्ही फारच चांगल्या आहात. तीच अडचण आहे."

तिने पर्स उचलली. जाण्याआधी आत्यासमोर वाकून म्हणाली, "येते हं. घर फार सुंदर ठेवलंयत तुम्ही." आत्या तोंडभरून हसली, सवयीने. डॉक्टरबाई दाराकडे वळली. आत्याला तिची पाठ दिसली, पाठीमागे दार दिसलं, दाराच्या वरच्या रंगीत काचेतून पडलेला हिरवा-तांबडा उजेड दिसला आणि हातातला फोन पुन्हा थरथरला. आता नाही बोललीस तर संपलं, अकरा. तोंडात शब्द येत होते ते मात्र नेहमीचेच. पोरं म्हणतात तसं. माझं काय. तुम्ही ठरवाल ते.

"थांबा," ती म्हणाली.

आवाज इतका मोठा निघाला की तिची तीच दचकली. एक्स्चेंज सुटल्यापासून तिने तो आवाज काढला नव्हता.

"घर विकायचंय," आत्या म्हणाली.

"आत्या, अगं नको," ताई धावत येऊन तिच्या खुर्चीशी बसली. "पोरीच्या शिक्षणाचं आम्ही बघतोय. आमच्यासाठी आता काही करू नकोस ग. पुष्कळ केलंस."

"तुमच्यासाठी नाही," आत्या म्हणाली. "माझ्यासाठी."

शेजारच्या ट्रम्पेटने नेमका तेव्हाच दम घेतला.

"मला टेकडीवर जायचंय. बाराच्या शेजारी. तळमजल्याचा फ्लॅट आहे, दोन खोल्या. तिला नीट दिसत नाही, मला नीट चालवत नाही, दोघी मिळून एक धड बाई होऊ. वर्षभर वाट बघतेय मी. विका म्हटलं होतं ना तुम्हाला? तेच मागितलं होतं रे मी. मला वाटलं मी मागितलं."

दादा मटकन बसला. "टेकडीवर?" तो म्हणाला. "आत्या, एवढं जग पडलंय, आणि टेकडीवर?"

"हो."

"तिथे वारा असतो."

"शाल आहे."

"तिथले लोक..."

"तुझी बायको तिथलीच आहे," आत्या म्हणाली. दादाने बायकोकडे बघायचं टाळलं.

छोटू पुढे आला आणि जमिनीवर, आत्याच्या पायाशी बसला. एवढा मोठा माणूस, लोकांना झोपवून जागं करणारा. "आत्या," त्याने विचारलं, "म्हणजे आमच्यामुळे तू... इतकी वर्षं तुला जायचं होतं?"

आत्याने त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"वेडा रे वेडा! असं कधी मनात आणू नकोस. मला इथेच राहायचं होतं. तू रात्री दचकून उठायचास तेव्हा मला दुसरीकडे कुठे असायचं नव्हतं. अरे, तुम्ही नसतात तर मला आत्या कोण म्हणालं असतं? शाळेच्या फाटकात माझी वाट कोणी बघितली असती? मी आले होते चार दिवस, आणि मला आख्खं घरदार मिळालं. मीच तुमची ऋणी आहे. पण आता तुम्ही मोठे झालात ना? मग जाऊ द्या मला."

ताईने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हमसून रडायला लागली. वर्षभर आपण या बाईला प्रेमाने कोंडून ठेवलं. थँक्यू म्हणता म्हणता दाराला कडी घातली. सगळ्या गावाचे घरांचे भाव वर गेले, टेकडी-काठ एकमेकांचे गळे धरायला निघाले, आणि कोणाला आत्याच्या खुर्चीपाशी बसून एक साधा प्रश्न विचारावासा वाटला नाही.

दारात डॉक्टरबाई पर्स छातीशी धरून उभी होती. जावं की थांबावं हे तिला कळत नव्हतं. ताईने डोळे पुसले आणि उठली.

"डॉक्टरबाई, तुम्ही मघाशी आम्हाला सरळ माणसं म्हणालात. ते खोटं आहे. तो आकडा या घराची किंमत नाहीच. कोणी घेऊ नये म्हणून लावला होता आम्ही. ओल आहे, भिंत आहे, सगळं धरून मी व्हॅल्युअर म्हणून खरी किंमत सांगते. टेकडीवरच्या त्या घराहून ती कमी येते. बरीच कमी."

"ताई!" दादा ओरडला. सवयीने ओरडला. टेकडीहून कमी! उद्या सकाळी दुकानाचं शटर वर करताना काय काय ऐकावं लागेल ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. ओळीतली सगळी घरं उतरणार. ट्रम्पेटवाला बोलणं सोडणार. टेकडी वर्षभर जेवताना हसणार. त्याने तोंड उघडलं आणि त्याची नजर आत्याकडे गेली. ती त्याच्याकडे, तिच्या थोरल्याकडे, बघत होती. नेहमीसारखी काही न मागता नव्हे, तर काहीतरी मागत. आयुष्यात पहिल्यांदा.

"फ्लॅट येतो का त्यात?" त्याने ताईला विचारलं. "टेकडीवरचा? आत्याचा?"

"आरामात येतो. वर उरतंही."

"मग हरू दे काठ," दादा म्हणाला. "हरू दे. माझ्या आत्याला हवंय ना? मग हरू दे."

वहिनीने तिथल्या तिथे पदराने डोळे टिपले. डॉक्टरबाई परत आत आली, रिकाम्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला एक कप चहा मिळेल का? आता मलाच चक्कर आल्यासारखं वाटतंय." सगळे एकदम हसले. छोटू चहा टाकायला उठला. घरात त्याला चहा टाकायला कोणी सांगत नसे, कारण त्याचा चहा फार वाईट होत असे, पण आज कोणी अडवलं नाही.

आत्याने फोन कानाला लावला. पलीकडून घंटी वाजते न वाजते तोच आवाज आला.

"अकरा! काय झालं?"

"हो म्हणाले," आत्या म्हणाली.

"कोण, ती डॉक्टरीण?"

"नाही ग. पोरं."

मग बारा म्हणाली, "पडद्यांचं अजून ठरायचंय," आणि फोन ठेवून दिला. नाहीतर तिला रडताना कोणीतरी ऐकलं असतं.

आत्याने फोन मांडीवर ठेवला. तिघं तिच्यासमोर उभे होते. दादा खाली बघत होता, ताईचे डोळे लाल, छोटूच्या हातात चहाची गाळणी तशीच. ती पाकळी पडली त्या दिवशीसारखेच उभे होते, मोठे होऊनसुद्धा.

"हे बघा," आत्या म्हणाली, "तुम्हाला तिघांना मी याच दारातून पाठवलं. दादाला कारखान्यात शिकायला, ताईला सासरी, छोटूला मेडिकलला. प्रत्येक वेळी हसून पाठवलं. दार लावल्यावर रडले असेन, ते माझं मी बघितलं. आता माझी पाळी आहे. मला तसंच पाठवा."

मग ती तिघं हसायला लागली. दादाला ते मुळीच जमत नव्हतं.